तो नव्हे, हा! शिरपूरहून पाहिलेले आठ चित्रपट

शिरपूर म्हटले की बाहेरचा माणूस विचारतो, “धुळ्याचे का?” मालेगाव म्हटले की विचारतो, “नाशिकचे का?” वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैनच्या माणसाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जन्मभर द्यावी लागतात. ते शिरपूर नव्हे, हे. ते मालेगाव नव्हे, हे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे गावाच्या नावाला ‘जैन’ जोडले गेले आणि निदान शिरपूरपुरता खुलासा करणे सोपे झाले. इथल्या मुस्लिम घराच्या पत्त्यातही मग ‘शिरपूर जैन’ असेच लिहिले जाते. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. गावाचे नाव ते गावाचे नाव.

सिनेमाच्या पडद्यावर मुसलमान दिसला की इथल्या प्रेक्षकाला असाच खुलासा करावासा वाटतो. तो नव्हे, हा. पडद्यावरचा मुसलमान आधी अनेक वर्षे नवाब होता. शेरवानी, झुंबर, पानदान आणि बोलता बोलता शेर. पुढे नायकाचा जीव देणारा मित्र झाला. नंतर टोळीचा म्होरक्या झाला आणि अलीकडे तर बॉम्ब घेऊनच येतो. सोयाबीनचा भाव विचारणारा, घरी दखनी वळणाची हिंदी आणि बाजारात अस्सल वऱ्हाडी बोलणारा, मुलीच्या बारावीच्या निकालाची काळजी करणारा मुसलमान पडद्यावर शोधून सापडत नाही.

रमजान हा खरे तर सिनेमा पाहण्याचा महिना नाही. रोजा फक्त पोटाचा नसतो. तो जिभेचा, कानाचा आणि डोळ्यांचाही असतो, असे घरातली वडीलधारी माणसे लहानपणापासून सांगत आलेली असतात. अनेक घरांत या महिन्यात टीव्हीवर ओढणी पडते. पण चाँदरात झाली, ईदची नमाज झाली, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या की मुलांच्या खिशात ईदी खुळखुळू लागते आणि सिनेमाचा विषय निघतोच. निर्मात्यांनाही हे ठाऊक आहे. 2009 चा ‘वाँटेड’, 2010 चा ‘दबंग’, 2011 चा ‘बॉडीगार्ड’ हे सलमान खानचे चित्रपट ईदचा मुहूर्त धरूनच आले. ईदी आणि तिकीट यांचे नाते तेव्हा घट्ट झाले.

म्हणून ही यादी ईदनंतरसाठी. सगळे चित्रपट गाजलेले किंवा नावाजलेले आहेत. क्रम मात्र गल्ल्यावरून लावलेला नाही, गाण्यांवरूनही नाही. कसोटी एकच. शिरपूरसारख्या गावातल्या घरात हा चित्रपट लावला, तर समोर बसलेल्या अम्मी, अब्बा आणि पोरांना त्यात आपले माणूस किती ओळखू येते? ज्या चित्रपटात जास्त, तो वर.

8. पाकिजा (1972)

कमाल अमरोहींचा हा चित्रपट पहिल्या फेरीत बाद करायला मन धजत नाही. मुहूर्तापासून प्रदर्शनापर्यंत दीड दशक गेले. संगीतकार गुलाम मोहम्मद आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे दोघेही तो पूर्ण होण्याआधी वारले. 4 फेब्रुवारी 1972 रोजी तो प्रदर्शित झाला आणि 31 मार्चला मीनाकुमारी गेली. तिची साहिबजान आजही जुन्या पिढीच्या डोळ्यांत पाणी आणते.

पण साहिबजानचे जग कोठ्याचे आणि हवेलीचे आहे. त्यात कारंजी आहेत, झिरझिरीत पडदे आहेत, मध्यरात्री शिट्टी देत जाणारी रेल्वे आहे. सौंदर्यात या यादीतला एकही चित्रपट त्याच्या जवळपास जात नाही. ओळखीच्या बाबतीत मात्र तो सर्वांत लांबचा. वऱ्हाडातल्या आजीला साहिबजानच्या दुःखाने रडू येते. तिच्या घरात मात्र आजी कधी राहिलेली नसते.

7. चौदहवीं का चाँद (1960)

‘कागज के फूल’ आपटल्यावर निर्माता गुरुदत्तला सावरणारा हा चित्रपट. दिग्दर्शक एम. सादिक, पार्श्वभूमी लखनौची. दोन जिवलग मित्र, असलम आणि नवाब प्यारे मियाँ. दोघांचा जीव नकळत एकाच मुलीवर, जमीलावर. बुरख्यामुळे चेहरा ओळखू येत नाही आणि त्या एका घोळावर सगळी गोष्ट उभी राहते. कृष्णधवल चित्रपटातले शीर्षकगीत रंगीत होते, ही त्या काळच्या प्रेक्षकांसाठी अपूर्वाईच होती.

वहिदा रहमान, गुरुदत्त आणि रहमान यांनी मैत्री आणि प्रेम यांची ओढाताण फार हळुवारपणे रंगवली आहे. गंमत अशी, की बुरख्यामुळे होणारा असा घोळ गावात घडणे अवघड. आपल्या गल्लीतली बाई चालण्यावरून, चपलेवरून, नुसत्या खाकरण्यावरून ओळखू येते. ‘पाकिजा’पेक्षा हा चित्रपट एक पायरी वर आहे तो मित्रासाठी झिजणाऱ्या माणसांमुळे. अशी माणसे प्रत्येक गावात असतात, फक्त ती नवाब नसतात.

6. निकाह (1982)

बी. आर. चोप्रांचा हा चित्रपट आला आणि घराघरांत वाद सुरू झाले. अचला नागर यांच्या कथेतली निलोफर लग्नाच्या वाढदिवशीच रागाच्या एका झटक्यात तीन तलाक ऐकते. पुढे नोकरी करते, हैदरशी दुसरे लग्न करते. तोही गैरसमजातून तिला मोकळे करायला निघतो. शेवटी ती दोन्ही पुरुषांसमोर उभी राहून विचारते, की तिला वस्तूसारखे टाकायचा आणि वस्तूसारखे परत द्यायचा हक्क यांना दिला कुणी?

सलमा आगाची गाणी घरोघरी पोहोचली, पण चित्रपट टिकला तो या प्रश्नावर. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला. त्याच्या 35 वर्षे आधी निलोफर पडद्यावर बोलून गेली होती. घर पुन्हा श्रीमंतांचेच आहे, तरी तिचा प्रश्न कुठल्याही मोहल्ल्यातला आहे.

‘निकाह’ पाहिला की त्याला जोडून मराठी ‘हलाल’ पाहावा. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी 2017 मध्ये केलेला हा चित्रपट तलाकनंतर पुन्हा एकत्र येऊ पाहणाऱ्या जोडप्याची परवड दाखवतो. प्रियदर्शन जाधव, प्रीतम कागणे आणि चिन्मय मांडलेकर यांची माणसे महाराष्ट्राच्या खेड्यातली आहेत आणि मराठी बोलतात. मराठी बोलणारा मौलाना पडद्यावर पाहून महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकाला नवल वाटेल. इथे कुणालाच वाटत नाही.

5. बजरंगी भाईजान (2015)

ईदच्या मुहूर्तावर आलेल्या चित्रपटांपैकी सर्वांत जास्त प्रेम मिळवलेला. 17 जुलै 2015 रोजी तो प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या ईदच्या गप्पा त्यानेच व्यापल्या. हनुमानभक्त पवन, बोलू न शकणारी पाकिस्तानी मुलगी आणि तिला घरी पोहोचवायचे त्याने घेतलेले व्रत. दिग्दर्शक कबीर खान.

सलमानच्या चाहत्यांना त्याचा भाबडेपणा आवडतो. पण या यादीत तो पाचवा आला तो ओम पुरींनी केलेल्या मौलानामुळे. पवन मशिदीच्या दारात थबकतो, कारण आपल्याला आत येऊ देतील का याची त्याला शंका आहे. मौलाना त्याला सांगतात, की हे दार सर्वांसाठी आहे, म्हणूनच इथे कुलूप नसते. निरोप घेताना ते त्याला त्याच्याच पद्धतीचा नमस्कार करतात. पाचेक मिनिटांचे काम. मात्र गावातल्या मशिदीचे इमाम साहेब ज्यांनी जवळून पाहिले आहेत, दुसऱ्याच्या आजारी लेकरावर दम करून फुंकर घालताना पाहिले आहेत, त्यांना हा मौलाना लगेच ओळखू येतो. पडद्यावर दाढी दिसली की पुढे धोका आहे असे शिकवले गेलेल्या प्रेक्षकाला त्या मिनिटांनी वेगळे काही दाखवले.

एवढ्यावरच तो थांबतो, कारण बाकीचा चित्रपट स्वप्नातला आहे. सरहद्दीची दारे तशी उघडत नाहीत. ती कशी उघडत नाहीत, हे पुढचा चित्रपट सांगतो.

4. मम्मो (1994)

श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट फारसा गाजावाजा न करता आला आणि पाहणाऱ्यांच्या मनात घर करून राहिला. कथा खालिद मोहम्मद यांची. फाळणीत पाकिस्तानात गेलेली मेहमूदा, म्हणजे मम्मो, विधवा झाल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढली म्हणून मुंबईत बहिणीकडे येते. बहिणीच्या घरात तिचा नातू रियाज. छोटे घर, दोन म्हाताऱ्या आणि एक हट्टी पोरगा. दर काही दिवसांनी व्हिसा वाढवण्यासाठी ठाण्यात खेटे.

फरीदा जलाल यांची मम्मो म्हणजे प्रत्येक घरातली खाला. अखंड बोलणारी, नको तिथे नाक खुपसणारी, शेजाऱ्याच्या भांडणात पुढे होणारी, आणि ती गेल्यावर घर ओस पडते अशी. सुरेखा सिक्री यांची बहीण वैतागते, ओरडते आणि शेवटी तिच्याविना राहू शकत नाही. मम्मोला एक दिवस जबरदस्तीने रेल्वेत बसवून परत पाठवतात. कित्येक वर्षांनी ती पुन्हा येते, तेव्हा दोघी बहिणी शक्कल लढवतात. मम्मोच्या मृत्यूचा खोटा दाखला काढतात. मेलेल्या माणसाला कोण कुठल्या देशात पाठवणार?

हसू येते आणि घशात काहीतरी अडकते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला यांसाठी तहसीलच्या चकरा मारणाऱ्या कुणालाही कागदाची ही ताकद समजावून सांगावी लागत नाही.

3. इक्बाल (2005)

या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट सहज निसटून जाते. नायक मुसलमान आहे आणि त्यावरून चित्रपटात काहीच घडत नाही. ना दंगल, ना संशय, ना देशभक्तीची परीक्षा. इक्बाल खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याला फक्त वेगवान गोलंदाजी करायची आहे. म्हशी राखता राखता तो सराव करतो आणि म्हशींना क्रिकेटपटूंची नावे देतो.

नागेश कुकुनूर यांच्या या चित्रपटात श्रेयस तळपदेने एकही शब्द न बोलता सगळे सांगितले. बाप म्हणतो, शेती कर. आई लपून साथ देते, तिला स्वतःलाच क्रिकेटचे वेड. धाकटी बहीण खदिजा भावाचा आवाज होते आणि दारूत बुडालेल्या जुन्या खेळाडूला, म्हणजे नसीरुद्दीन शाह यांना, पकडून प्रशिक्षक बनवते. त्या भूमिकेसाठी नसीरुद्दीन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बापाची भूमिका यतीन कार्येकर यांनी केली आहे. हा बाप वऱ्हाडात कुठेही भेटतो. पाऊस लांबला, भाव पडला, कर्ज वाढले, आणि पोरगा म्हणतो, खेळायचे आहे. त्याचा राग हा भीतीचा राग आहे. तो नमाजही पढत असेल आणि नांगरही धरत असेल, आणि या दोन्ही गोष्टी सांगण्यासाठी दिग्दर्शकाला वेगळा प्रसंग लिहावा लागत नाही. क्रिकेटपटू होण्याची वाट मात्र पडद्यावर जरा लवकरच सोपी होते, म्हणून तिसरा क्रमांक.

2. सुपरमेन ऑफ मालेगाव (2008)

हे मालेगाव ते, नाशिकचे! फैजा अहमद खान यांचा हा माहितीपट आहे, तरी कुठल्याही विनोदी चित्रपटापेक्षा जास्त हसवतो. यंत्रमागांच्या या शहरात शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगारांची पावले चित्रपटगृहाकडे वळतात. सिनेमाच्या त्या वेडातून शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. मग त्यांनी ठरवले, आता सुपरमॅन. सुपरमॅन कोण? यंत्रमागावर काम करणारा, फुंकर मारली तर उडेल इतका बारीक शफीक शेख.

पैसे नाहीत, साधने नाहीत. कॅमेरा फिरवायला सायकल, आकाशात उडवायला हिरवे कापड. लेखक, दिग्दर्शक, नट सगळे दिवसा पोटाच्या मागे आणि उरल्या वेळात सिनेमाच्या मागे. आणि लेखक मुंबईकडे डोळे लावून बसलेला. त्याच्या बोलण्यात जी तगमग आहे, ती लहान गावात मोठी हौस बाळगणाऱ्या प्रत्येकाची आहे. हा माहितीपट 2012 मध्ये देशातल्या चित्रपटगृहांत लागला. त्याआधीच शफीक कर्करोगाने गेला होता. हे कळल्यावर तो दुसऱ्यांदा पाहताना हसू तेवढे मोकळे राहत नाही.

याच मंडळींवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 28 फेब्रुवारी 2025 रोजी, रमजान अगदी तोंडावर असताना प्रदर्शित झाला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग आणि शशांक अरोरा यांनी कामे छान केली आहेत. दोन्हींपैकी एकच पाहायचा असेल तर मात्र माहितीपट पाहावा. ज्या शहराचे नाव बातम्यांत बहुधा तणावासाठीच येते, तिथला माणूस हौसेने वेडा, मेहनती आणि स्वतःवर हसणारा आहे, हे त्यात कुणी समजावून सांगत नाही. ते समोर दिसते. आणि ही महाराष्ट्राच्या मातीतली माणसे आहेत. लखनौचा आदाब नाही, मालेगावची बोली आहे.

1. गर्म हवा (1974)

पहिल्या क्रमांकाबद्दल वाद होऊ नये. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांचे लेखन, एम. एस. सथ्यू यांचे दिग्दर्शन. आग्र्याचे सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतात. फाळणी झाली आहे. भाऊ गेला, मुलगा गेला, नातलग एकेक करून रेल्वेत बसतात. घर भावाच्या नावावर असल्याने हातचे जाते. बँक कर्ज देत नाही. भाड्याचे घर शोधायला गेले की नाव ऐकून दार बंद होते. मुलगी अमिना दोनदा मोडलेल्या लग्नानंतर जीव देते. सलीम मिर्झांवर हेरगिरीचा आळही येतो.

बलराज साहनी यांनी या माणसाला एकदाही ओरडू दिलेले नाही. तो काठी टेकत चालतो, कामावर जातो, परत येतो. म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते. अखेरच्या घटकेला तिला उचलून पुन्हा त्या घरात नेतात, तो प्रसंग पाहताना खोलीत कुणी बोलत नाही. साहनी 13 एप्रिल 1973 रोजी वारले. आपले हे काम प्रेक्षकांनी कसे उचलून धरले, हे त्यांना पाहता आले नाही. परिनिरीक्षण मंडळाने चित्रपट काही काळ अडवून धरला होता. पुढे त्याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग हा आग्र्याचा कारखानदार शिरपूरच्या घरात सर्वांत जवळचा का वाटावा? त्याच्याकडे हवेली होती आणि इथे बहुतेकांकडे दोन खोल्या. उत्तर शेवटच्या प्रसंगात आहे. थकलेले सलीम मिर्झाही अखेर टांग्यात बसून स्टेशनकडे निघतात. वाटेत बेकारांचा मोर्चा आडवा येतो. रोजगार मागणाऱ्या त्या गर्दीत धाकटा मुलगा सिकंदर, म्हणजे तरुण फारुख शेख, उतरून सामील होतो. बाप क्षणभर पाहतो आणि तोही उतरतो. टांगा परत फिरतो. मिर्झा मुसलमान म्हणून थांबत नाहीत. आपल्या मागण्या ज्यांच्या मागण्यांसारख्याच आहेत, त्या माणसांत ते जातात. सोयाबीनच्या भावासाठी, पीक विम्यासाठी, पाण्यासाठी मोर्चा निघतो तेव्हा वऱ्हाडातला मुसलमानही तसाच चालत असतो. त्याच्या शेजारी चालणाऱ्याचे आडनाव वेगळे असते, घोषणा एकच असते.

उरलेली जागा

आठ चित्रपट झाले. नवव्याची जागा रिकामी आहे. लखनौ, आग्रा, मुंबई, मालेगाव सगळीकडचा मुसलमान थोडाफार दिसला. वऱ्हाडातला अजून दिसायचा आहे. पहाटे सहेरी करून शेतात जाणारा आणि दुपारच्या उन्हात पाण्याचा घोटही न घेता हळदीच्या राशीजवळ उभा राहणारा शेतकरी. इफ्तारच्या वेळी भज्यांचे ताट शेजारच्या घरी पाठवणारी आणि दिवाळीत त्याच ताटात फराळ परत घेणारी बाई. “काय करून राह्यला बे?” असे विचारणारा आणि लगेच “सलाम वालेकुम चाचा” म्हणणारा पोरगा. यांच्यावर चित्रपट काढायला कारंजी लागत नाहीत, झुंबरेही नाहीत.

तोवर बासी ईदच्या दुपारी, पाहुणे गेल्यावर, घरातल्या पोरांना जवळ बसवावे आणि वरच्यांपैकी एखादा चित्रपट लावावा. सुरुवात ‘इक्बाल’पासून करावी, लहानांनाही कळतो. ‘गर्म हवा’ मोठ्यांसाठी राखून ठेवावा. आणि मध्येच कुणी पोराने विचारले, “अब्बा, आपल्या शिरपूरचा सिनेमा नाही का?” तर त्याला गप्प करू नये. मालेगावच्या त्या मंडळींनी सायकलीवर कॅमेरा फिरवला होता, एवढे त्याला सांगावे. शिरपूरच्या घरोघरी आज कॅमेऱ्याचा फोन आहे.